ग्लिसरॉल: तेलातून निघणारं, पण तेलात न मिसळणारं

एक किलो खोबरेल तेलाचा साबण करायला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तेवढ्याच शेंगदाणा तेलाला मात्र १३५ ग्रॅमच्या आसपास पुरतो. हा फरक का पडतो ते कळलं की ग्लिसरॉलची अर्धी ओळख होते.

तेल म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड: ग्लिसरॉलचा एक छोटा रेणू आणि त्याला जोडलेली तीन लांब मेदाम्लं. भिंतीवर तीन खुंट्या असाव्यात आणि प्रत्येकीवर एकेक लांब दोर लटकावा, तशी ही रचना. सोडा हे तिन्ही जोड तोडतो. सुटलेल्या मेदाम्लांचा सोडियम क्षार म्हणजे साबण, आणि उरतं ते मोकळं ग्लिसरॉल. खोबरेलातली मेदाम्लं आखूड असतात. निम्म्याच्या आसपास तर बारा कार्बनांचं लॉरिक आम्लच असतं. त्यामुळे किलोभर खोबरेलात रेणूंची संख्या जास्त, म्हणून तोडायचे जोड जास्त, म्हणून सोडाही जास्त. एका ग्लिसरॉलमागे सोड्याचे तीन रेणू या हिशोबाने किलोभर खोबरेलातून साधारण १४० ग्रॅम ग्लिसरॉल निघतं, शेंगदाणा तेलातून १०४ ग्रॅम.

घरगुती पद्धतीच्या साबणात हे ग्लिसरॉल वडीतच राहतं. कारखान्यात शिजलेल्या साबणात मीठ घालतात. साबण वर तरंगतो आणि ग्लिसरॉल खाऱ्या पाण्याबरोबर खाली उतरतं. ते पाणी आटवून, मीठ काढून, शेवटी कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन केलं की औषधी दर्जाचा माल मिळतो. कमी दाब कशासाठी, तर नेहमीच्या दाबाला ग्लिसरॉल २९० अंशांना उकळतं आणि तिथे पोचेपर्यंत त्याचं विघटन सुरू झालेलं असतं. आता बायोडिझेल हाही मोठा स्रोत आहे. शंभर किलो तेलामागे सुमारे दहा किलो ग्लिसरॉल निघतं, पण कच्च्या अवस्थेत त्यात मिथेनॉल, साबण आणि क्षार मिसळलेले असतात. ते तसंच अंगाला लावणं किंवा जनावरांच्या खाद्यात घालणं धोक्याचं आहे.

स्वीडनच्या कार्ल शील यांनी १७७९ साली ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवताना हा गोड द्रव पहिल्यांदा वेगळा काढला. चरबी म्हणजे मेदाम्लं आणि ग्लिसरॉल यांचा संयोग आहे, हे त्यानंतर काही दशकांनी फ्रान्सच्या शेव्ह्रल यांनी दाखवलं. व्यवहारात शुद्ध रेणूला ग्लिसरॉल आणि बाजारातल्या मालाला ग्लिसरीन म्हणतात. पदार्थ एकच, शुद्धता मात्र लेबलावर पाहायची.

तीन हायड्रॉक्सिल गट काय करतात

ग्लिसरॉलमध्ये तीन कार्बनांची साखळी असते आणि प्रत्येक कार्बनवर एक हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. त्या जोड्यांचा परिणाम बघायचा तर तीन कार्बनांचेच चार पदार्थ शेजारी ठेवावेत. स्वयंपाकाच्या गॅसमधला प्रोपेन, ज्यात हायड्रॉक्सिल एकही नाही, उणे ४२ अंशांना उकळतो. एक हायड्रॉक्सिल असलेलं प्रोपेनॉल ९७ अंशांना, दोन असलेलं प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना आणि तीन असलेलं ग्लिसरॉल २९० अंशांना. कार्बनांची साखळी तीच, पण हायड्रॉक्सिल वाढला की शेजारच्या रेणूशी होणारे हायड्रोजन बंध वाढतात आणि रेणू एकमेकांना सोडायला तयार होत नाहीत.

दाटपणा याच बंधांमुळे येतो. २० अंशांना ग्लिसरॉल पाण्याच्या सुमारे १४०० पट दाट असतं, पण ४० अंशांपर्यंत कोमट केलं की जवळजवळ पाचपट पातळ होतं. प्रयोगशाळेत ते पिपेटने मोजायला गेलं तर काचेला चिकटून राहतं आणि माप हमखास कमी भरतं. म्हणून तराजूवर तोलावं: १०० मिलिलिटर म्हणजे १२६ ग्रॅम.

त्याचा गोठणबिंदू जवळपास १८ अंश आहे. म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीत बाटली घट्ट व्हायला हवी, पण होत नाही. एकमेकांत गुंतलेल्या दाट रेणूंना स्फटिकाच्या शिस्तीत बसायला जमत नाही, त्यामुळे शुद्ध ग्लिसरॉल गोठणबिंदूच्या खूप खाली जाऊनही द्रवच राहतं. पाणी मिसळल्यावर तर गोष्ट आणखी पुढे जाते. वजनाने दोन तृतीयांश ग्लिसरॉल आणि एक तृतीयांश पाणी हे मिश्रण उणे ४६ अंशांपर्यंत गोठत नाही. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

हवेतलं पाणी ओढायची त्याची सवय सगळ्यांना ठाऊक असते, पण किती ओढतं हे क्वचित सांगितलं जातं. ते हवेतल्या आर्द्रतेवर ठरतं. ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत ग्लिसरॉल उघडं ठेवलं तर ते पाणी घेत घेत वजनाने साधारण एक पंचमांश पाण्यावर थांबतं. ८० टक्के आर्द्रतेत, म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यात, जवळजवळ निम्मं पाणी होईपर्यंत घेतच राहतं. बाटलीचं झाकण सैल राहिलं तर महिन्याभराने बाटलीत काय उरलं आहे ते यावरून समजावं.

आणि तेल? ग्लिसरॉल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतं, पण ज्या तेलातून आलं त्यात मिसळत नाही. तेलात असताना त्याचे तिन्ही हायड्रॉक्सिल मेदाम्लांनी अडकलेले असतात, पाण्याला धरायला जागाच नसते. ते मोकळे झाले की पदार्थ पाण्याच्या बाजूला जातो. शरीर याच बदलाचा फायदा घेतं.

धूर, स्फोट आणि जिभेखालची गोळी

कढईतलं तेल जास्त तापलं की डोळ्यांना झोंबणारा उग्र धूर निघतो. त्या झोंबण्यामागे मुख्यतः ॲक्रोलीन असतं. तेल तुटून सुटलेल्या ग्लिसरॉलमधून उष्णतेने पाण्याचे दोन रेणू निघून गेले की ॲक्रोलीन उरतं. महाविद्यालयीन प्रयोगात ग्लिसरॉल ओळखायला पोटॅशियम बायसल्फेटबरोबर तापवतात, तो हाच वास. हुंगून बघायचा नाही. एवढासाही पुरेसा होतो.

पोटॅशियम परमँगनेटच्या पुडीशेजारी ग्लिसरीनची बाटली ठेवू नये. कोरड्या परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं तर सुरुवातीला काही सेकंद काहीच होत नाही, आणि मग अचानक पेट घेतो. मधला शांत वेळच फसवा असतो. भुकटी जितकी बारीक आणि ग्लिसरीन जितकं कमी पाण्याचं, तितका तो वेळ आखूड.

नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात ग्लिसरॉलच्या तिन्ही टोकांना नायट्रेट बसलं की नायट्रोग्लिसरीन तयार होतं. १८४७ मध्ये इटलीत सोब्रेरो यांनी ते बनवलं. नोबेल यांनी ते सच्छिद्र मातीत शोषवून हाताळण्याजोगं केलं आणि १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं. याचा स्फोट एवढा जोरदार का होतो, तर जळायला लागणारा सगळा ऑक्सिजन रेणूतच असतो, थोडा उरतोसुद्धा. बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. शरीरात मात्र याच रेणूपासून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि छातीतली कळ कमी होते. नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवतात, कारण गिळली तर आतड्यातून थेट यकृतात जाते आणि तिथे तिचा बराच भाग निकामी होतो. गोळीतलं औषध हळूहळू उडूनही जातं, म्हणून ती मूळ घट्ट बाटलीतच ठेवायची असते, औषधांच्या प्लास्टिकच्या डबीत काढून नाही.

शरीरातला हिशोब

मेदपेशीत चरबी ट्रायग्लिसराइडच्याच रूपात का साठवतात? मोकळी मेदाम्लं साबणासारखी वागतात, पेशीची पटलं विस्कटवतात. ग्लिसरॉलच्या खुंट्यांवर टांगली की ती निरुपद्रवी होतात, पाणी न धरता दाटीने बसतात, आणि ग्रॅमला नऊ किलोकॅलरी साठतात.

उपास लांबला की इन्सुलिन उतरतं आणि मेदपेशीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, एकेक मेदाम्ल सोडवू लागतात. शेवटी उरलेलं ग्लिसरॉल पेशीपटलातल्या ॲक्वाग्लिसेरोपोरिन नावाच्या छिद्रांतून बाहेर पडतं आणि रक्तातून यकृताकडे जातं. मेदपेशी ते पुन्हा वापरू शकत नाही, कारण वापरण्याआधी त्यावर फॉस्फेट बसवावं लागतं. ते काम करणारं ग्लिसरॉल कायनेज हे विकर पांढऱ्या मेदपेशीत नावापुरतंच असतं. यकृतात मात्र भरपूर. म्हणून रक्तातल्या ग्लिसरॉलवरून शरीरात चरबी किती वेगाने फुटते आहे याचा अंदाज संशोधक घेतात.

यकृतात ग्लिसरॉल तीन पायऱ्या चढतं. आधी ग्लिसरॉल-३-फॉस्फेट, मग त्यातला हायड्रोजन काढून डायहायड्रॉक्सिॲसिटोन फॉस्फेट, आणि तिथून उलट्या वाटेने ग्लुकोज. दोन ग्लिसरॉलांचा एक ग्लुकोज होतो. चरबीतला हा एवढाच भाग साखर होऊ शकतो असं म्हटलं तरी चालेल. नेहमीची सम कार्बनांची मेदाम्लं जळून ॲसिटाइल-कोए होतात आणि माणसाच्या शरीरात त्यातून नव्याने साखर हाती लागत नाही. आकडे मांडले तर मर्यादा दिसते. शंभर ग्रॅम चरबीत दहा-अकरा ग्रॅम ग्लिसरॉल, त्यातून जेमतेम तेवढंच ग्लुकोज. मेंदूला रोज १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. दिवसाला दीडशे ग्रॅम चरबी जळली तरी ग्लिसरॉलमधून पंधरा-सोळा ग्रॅमच मिळणार. उरलेली खोट भरायला शरीर स्नायूंच्या प्रथिनांकडे वळतं, आणि उपास लांबला की मेंदूला मेदाम्लांपासून बनणाऱ्या कीटोनवर चालायला शिकवतं.

उलट दिशेला, चरबी साठवताना मेदपेशीला ग्लिसरॉल-३-फॉस्फेट नव्याने लागतं, आणि जेवणानंतर ते मुख्यतः ग्लुकोजपासून येतं. तुपाबरोबर साखर आली की साठवणुकीचं काम सोपं होतं, त्याचं एक रासायनिक कारण हे आहे. एकमेव नव्हे, इन्सुलिनचा हात मोठा आहे.

रक्ततपासणीच्या कागदावरचा ट्रायग्लिसराइडचा आकडाही खरं तर ग्लिसरॉलचाच असतो. नेहमीच्या पद्धतीत रक्तद्रवावर लायपेज हे चरबी तोडणारं विकर घालून सगळी मेदाम्लं तोडतात. सुटलेल्या ग्लिसरॉलवर कायनेजने फॉस्फेट बसवतात. दुसऱ्या विकराने त्याचं ऑक्सिडीकरण करतात, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड निघतो, आणि त्याने तयार झालेल्या रंगाची गडदता यंत्र मोजतं. एका ग्लिसरॉलमागे सरासरी ८८५ रेणुभाराचा एक ट्रायग्लिसराइड धरून आकडा छापला जातो. म्हणजे रक्तात आधीपासून मोकळं ग्लिसरॉल असेल तर तेही ट्रायग्लिसराइड म्हणून मोजलं जातं. नमुना घेताना हाताच्या क्रीममधलं ग्लिसरीन मिसळलं तरी आकडा फुगू शकतो. ग्लिसरॉल कायनेजच्या जन्मजात अभावात तर तो सतत खूप जास्त येतो. हा दोष एक्स गुणसूत्रावरचा असल्याने मुख्यतः पुरुषांत दिसतो. ओळखायची खूण अशी: ट्रायग्लिसराइड खरोखर तेवढं वाढलेलं असेल तर रक्तद्रव दुधाळ दिसतो, इथे तो स्वच्छ असतो आणि चरबी उतरवणाऱ्या औषधांनी आकडा हलत नाही. मोकळं ग्लिसरॉल वेगळं मोजून वजा करणारी पद्धत वापरली की उलगडा होतो.

लोणारचं गुलाबी पाणी आणि पेशीचं पटल

पेशीपटलातल्या फॉस्फोलिपिडांचा कणाही ग्लिसरॉलच. इथे दोन खुंट्यांवर मेदाम्लं आणि तिसरीवर फॉस्फेटचा गट. फॉस्फेटची बाजू पाण्याकडे तोंड करते, मेदाम्लं आत वळतात, आणि दुहेरी थर आपोआप उभा राहतो. वनस्पती, प्राणी, बुरशी आणि जिवाणू या सगळ्यांत फॉस्फेट ग्लिसरॉलच्या ठरावीक एकाच टोकाला असतं. आर्किया या सूक्ष्मजीवांत ते नेमकं विरुद्ध टोकाला, आरशातल्या प्रतिमेसारखं असतं, आणि बाकीच्या साखळ्या एस्टरऐवजी जास्त चिवट अशा ईथर बंधाने जोडलेल्या असतात.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आधी संशय ड्युनालिएला या शैवालावर होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासल्यावर रंग हॅलोआर्कियांचा, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या आर्कियांचा निघाला. ग्लिसरॉलच्या दृष्टीने हे दोन्ही संशयित मजेदार आहेत. खारं पाणी बाहेर असलं की पेशीतलं पाणी ओढलं जातं. टिकायचं तर पेशीच्या आतही काहीतरी तितकंच दाट विरघळलेलं हवं. ड्युनालिएला त्यासाठी स्वतः ग्लिसरॉल बनवतं. क्षार वाढले की वाढवतं, पावसाने पाणी गोडं झालं की कमी करतं. त्याला कडक पेशीभित्ती नसते, त्यामुळे हा तोल चुकला तर पेशी फुटते किंवा आक्रसते. हॅलोआर्किया ग्लिसरॉल साठवत नाहीत. ते पोटॅशियम आत घेऊन तोल सांभाळतात, पण त्यांचं पटल मात्र त्या उलट्या ग्लिसरॉलवर उभं असतं.

यीस्टही दाट साखरेत किंवा मिठात पडलं की ग्लिसरॉल बनवतं. एरवीही किण्वनात हायड्रोजनचा हिशोब मिटवायला थोडं बनवतंच, म्हणून वाइनच्या लिटरमागे साधारण ५ ते १० ग्रॅम सापडतं. पहिल्या महायुद्धात जर्मनीला चरबी मिळेनाशी झाली, तेव्हा किण्वनात सल्फाइट घालून यीस्टला मद्याऐवजी ग्लिसरॉल बनवायला लावलं गेलं. ते स्फोटकांसाठीच हवं होतं.

गोठवलेल्या रेतमात्रा

मघाचा उणे ४६ अंश इथे उपयोगी पडतो. पेशी गोठताना बर्फ बाहेर तयार होतो, आणि न गोठलेल्या उरल्यासुरल्या पाण्यात क्षारांचं प्रमाण इतकं चढतं की पेशी त्यानेच मरते. ग्लिसरॉल असेल तर बरंचसं पाणी द्रवच राहतं आणि क्षार तितके चढत नाहीत. साखरही पाण्याचा गोठणबिंदू उतरवते, पण ती पेशीत सहज शिरत नाही. ग्लिसरॉल शिरतं, म्हणून आतूनही राखण होते. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी कोंबड्याचे शुक्राणू ग्लिसरॉलमध्ये गोठवून पुन्हा जिवंत करून दाखवले. आज गावोगावी होणारं गायी-म्हशींचं कृत्रिम रेतन त्यावरच चालतं. महाराष्ट्रात उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेने ते शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेलं.

वळूचं वीर्य अंड्याचा बलक आणि आम्लता स्थिर ठेवणारं ट्रिस हे रसायन यांच्या द्रावणात पातळ करतात, त्यात ६ ते ७ टक्के ग्लिसरॉल असतं. ते ४-५ अंशांना काही तास मुरू देतात, पाव मिलिलिटरच्या कांड्यांत भरतात, द्रव नायट्रोजनच्या वाफेत गोठवतात आणि उणे १९६ अंशांना बुडवून ठेवतात. ग्लिसरॉल कमी पडलं तर बर्फ मारतो, जास्त झालं तर ग्लिसरॉलच शुक्राणूंना घातक ठरतं. कांडी बाहेर काढल्यावर ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरायची. सावकाश वितळू दिली तर बारीक स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात. हीच चूक कंटेनरमध्येही होते: हवी ती कांडी शोधताना बाकीच्या मानेच्या वर धरून ठेवल्या की त्या थोड्या तापून पुन्हा गोठतात. गाय फळली नाही की दोष वळूला दिला जातो.

रक्तपेशी गोठवायला ग्लिसरॉल खूप जास्त, ४० टक्क्यांच्या आसपास वापरतात आणि उणे ६५ अंशांखाली दहा वर्षंही ठेवतात. काढताना मात्र घाई चालत नाही. ग्लिसरॉलने भरलेली पेशी एकदम साध्या सलाइनमध्ये टाकली तर पाणी आत घुसून ती फुटते. म्हणून आधी १२ टक्के मिठाचं पाणी, मग १.६ टक्के, मग ०.९ टक्के, अशा पायऱ्यांनी धुतात.

त्वचा, आणि बाटलीवरचं लेबल

त्वचेत ग्लिसरॉल मुळातच असतं. काही तेलग्रंथींच्या चरबीतून सुटतं, काही ॲक्वापोरिन-३ या छिद्रांतून वर येतं. ही छिद्रं नसलेल्या उंदरांची त्वचा कोरडी पडते आणि ग्लिसरॉल दिल्यावर सुधारते. तरीही बाटलीतलं ग्लिसरीन निव्वळ लावू नये. कोरड्या हवेत त्याला बाहेर पाणी मिळत नाही, मग ते त्वचेतलंच ओढतं आणि चिकट होऊन बसतं. एक चमचा ग्लिसरीनला चार चमचे गुलाबपाणी पुष्कळ होतं. आंघोळीनंतर अंग ओलसर असताना लावावं आणि वरून तेल किंवा व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा; ग्लिसरीन पाणी धरतं, पण ते उडू न देण्याचं काम तेलाचं. इतकं पातळ केलेलं ग्लिसरीन बुरशीला थोपवत नाही, म्हणून मिश्रण आठवडाभरापुरतंच करून फ्रीजमध्ये ठेवावं.

पोटात घ्यायच्या ग्लिसरीनची गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवायला ते तोंडाने दिलं जाई, कारण रक्तात गेल्यावर ते ऊतींतलं पाणी ओढून घेतं. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असं ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं. चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. हेच विष अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलामाइडच्या औषधात आणि २०२२ मध्ये गांबियात मुलांच्या सिरपमध्ये निघालं.

ही भेसळ पुन्हा पुन्हा का होते? डायइथिलीन ग्लायकॉलही रंगहीन, दाट, गोडसर आणि पाण्यात पूर्ण मिसळणारं असतं. डोळ्यांना, जिभेला फरक कळत नाही. शुद्ध रूपात ते ग्लिसरॉलपेक्षा हलकं आहे, मिलिलिटरला १.२६ ऐवजी १.१२ ग्रॅम, पण ग्लिसरॉलमध्ये थोडं पाणी गेलं तरी घनता उतरतेच, त्यामुळे घनतेवरून निवाडा करता येत नाही. यकृतात त्यापासून डायग्लायकॉलिक आम्ल बनतं आणि ते मूत्रपिंडाच्या नलिका मारतं. खात्रीची तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची. औषधी ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल प्रत्येकी ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही, आणि ही तपासणी औषध भरण्याआधी पिंपावर व्हावी लागते. फक्त सिरप तयार झाल्यावर करून भागत नाही. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबून ती गाळली की विष थेट बाटलीत जातं.

घरासाठी घेताना लेबलावर 'आयपी' (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे भारतीय औषधकोश) दर्जा, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी. सुटं, औद्योगिक किंवा साबण बनवण्यासाठी म्हणून मिळणारं ग्लिसरीन केकच्या आयसिंगमध्ये, खोकल्याच्या घरगुती काढ्यात किंवा बाळाच्या हिरड्यांना कधीही वापरू नये.